कमिटीकाका

फलंदाजाला फलंदाजी यावी लागते, गोलंदाजाला खांदा लागतो. प्रशिक्षकाचं तसं नाही. प्रशिक्षक सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून बसतो, मांडीवर वही ठेवतो, चेहरा गंभीर करतो आणि झेल सुटला की मान हलवतो. आमच्या मल्लेश्वरमच्या इमारतीतले काका हे सगळं घरबसल्या करतात, आणि तेही बिनपगारी. त्यामुळे बंगळुरूच्या रॉयल चॅलेंजर्सचा पुढचा प्रशिक्षक कोण असावा, हे मालकांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतं असं त्यांना वाटलं, तर त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

काकांचं खरं नाव खाली लेटरबॉक्सवर आहे. बाकी सगळीकडे ते 'कमिटीकाका'. मूळचे निपाणीकडचे. ऐन पंचविशीत एचएमटीत लागले आणि उभं आयुष्य घड्याळांच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला काढलं. डोळ्याला भिंग लावायचं, चिमट्यात धरलेलं चाक निरखायचं आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. निवृत्तीनंतर चाकं यायची बंद झाली, पण सवय राहिली. पुढे २००८ साली आयपीएल सुरू झाली आणि दर हंगामाला निरखायला नवा माल येऊ लागला. तेव्हापासून काकांना एक दिवस रिकामा मिळालेला नाही.

कमिटीची बैठक रोज सकाळी भरते. सँकी टँकला फेऱ्या मारून चौघे जण दर्शिनीत येतात आणि उभ्याउभ्या 'बाय-टू' कॉफी घेतात. म्हणजे एक कॉफी दोघांत. चौघांत दोन कॉफ्या आणि दीड तास चर्चा, हा दर गेली कित्येक वर्षं बदललेला नाही. सदस्य असे : एक निवृत्त बँकवाले, अस्सल म्हैसूरकडचे कन्नड, एक एलआयसीवाले तमिळ, एक मल्याळी मास्तर, ज्यांना क्रिकेटमध्ये रस नाही, पण कॉफी अर्धी पडते म्हणून ते येतात, आणि अध्यक्षपदी काका. बँकवाले त्यांना 'काका सार' म्हणतात. 'काका' हे आडनाव आहे असा त्यांचा बरीच वर्षं समज होता.

काका उमेदवाराकडे स्थळ पाहावं तसं पाहतात. खेळायचा किती, हा पहिला प्रश्न. घराणं कोणतं, म्हणजे न्यूझीलंडचा की ऑस्ट्रेलियाचा, हा दुसरा. मग 'पूर्वी कुठे होता आणि तिथून का सुटला?' ही खास चौकशी. आणि सगळं जुळत आलं की चमचा बशीत ठेवून नकार : "माणूस चांगला आहे. पण टी-ट्वेंटीचा नाही."

या एका वाक्यात काकांनी जागतिक कीर्तीची माणसं उडवली आहेत. पहिल्या वर्षी व्यंकटेश प्रसाद. "आपला पोरगा, पण फार सालस." संघ सातवा आला. मग दक्षिण आफ्रिकेचे रे जेनिंग्स. "शिस्त उत्तम. पण शिस्तीनं यॉर्कर पडतो का?" २०१४ पासून डॅनियल व्हेटोरी. चष्मा असल्यामुळे त्याला काकांनी बरीच मुदत दिली. चष्मेवाला माणूस विचार करत असणारच, हा त्यांचा सिद्धांत. २०१९ ला गॅरी कर्स्टन आले. भारताला २०११ चा विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक. काकांनी पहिल्यांदाच न बघता 'पास' केलं. संघ पहिले सहाच्या सहा सामने हरला आणि शेवटी तळाला राहिला. "लिहून ठेवा," काका म्हणाले, "मोठ्या नावाला भुलू नये." भुललं कोण होतं, हे विचारायची कमिटीत पद्धत नाही.

'लिहून ठेवा' हा काकांचा दुसरा आवडता शब्दप्रयोग. रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, डॉक्टरांना, सगळ्यांना ते लिहून ठेवायला सांगतात. कुणी लिहीत नाही. म्हणून ते स्वतःच लिहितात, कालनिर्णयाच्या पानामागे. पानाच्या पुढच्या बाजूला काकूंचा दुधाचा हिशेब आणि चतुर्थ्या, मागच्या बाजूला रॉयल चॅलेंजर्सचं व्यवस्थापन. मुख्य प्रशिक्षक, फलंदाजीचा, गोलंदाजीचा, क्षेत्ररक्षणाचा, फिजिओ. महिना संपला की काकू पान फाडत नाहीत, पेटीत ठेवतात. "असू दे," त्या म्हणतात, "पुढेमागे पुरावा लागतो."

पुरावा म्हणून सर्वांत वाचनीय पान २०१७ च्या एप्रिलचं. २३ एप्रिलला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १३२ धावांचा पाठलाग करताना आपला संघ ४९ धावांत आटोपला. गेल, कोहली, डिव्हिलियर्स तिघेही संघात, आणि एकालाही दोन आकडी धावा नाहीत. आश्चर्य म्हणजे चार वर्षांपूर्वी त्याच तारखेला चिन्नास्वामीवर पुण्याविरुद्ध २६३ धावा झाल्या होत्या, एकट्या गेलच्या १७५. त्या रात्री काकांनी फलंदाजीचे तीन प्रशिक्षक नेमले आणि जेवायच्या आत तिघांनाही काढून टाकलं. पानाच्या तळाशी एकच समाधानाची ओळ आहे : 'सर्वाधिक ९, केदार जाधव (पुणे).'

कंसातलं ते 'पुणे' महत्त्वाचं. शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी माणूस बंगळुरात आहे. काका अस्खलित कन्नड बोलतात, उगादीला बेवू-बेल्ला खातात, आणि गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत वर्गणीची पावतीही फाडतात. पण प्रशिक्षक निवडताना त्यांच्यातलं निपाणी उसळून वर येतं. गोलंदाजीसाठी झहीर खान, का? तर श्रीरामपूरचा. फलंदाजीसाठी संजय बांगर, का? तर बीडचा. बांगर यांच्या बाजूनं काका नेहमी एकच साक्ष काढतात : २००२ सालचं लीड्स. आकाशात ढग, खेळपट्टी ओली, आणि बांगर सलामीला जाऊन ६८ धावा काढतो. त्याची आणि द्रविडची १७० धावांची भागी.

"त्यांना षटकं किती लागली, तेही सांगा ना, काका सार," बँकवाले हळूच म्हणतात.

"कसोटी होती ती!"

"तेच म्हणतो मी. माणूस चांगला आहे. पण..."

त्या दिवशी कॉफीचे पैसे बँकवाल्यांना एकट्यालाच द्यावे लागले.

२०२१ च्या नोव्हेंबरात बांगर खरोखरच मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा काकांनी सगळ्या इमारतीत पेढे वाटले. वॉचमनला वाटलं नातू झाला. पुढच्या हंगामात संघ तिसरा आला, तेव्हा काका संक्रांतीच्या तिळगुळाइतके गोड बोलत होते. २०२३ ला सहावा आला, बांगर गेले, झिम्बाब्वेचे अँडी फ्लॉवर आले. काकांनी शांतपणे जाहीर केलं, "त्याला वेळच दिला नाही." बाकी सर्वांना त्यांनी स्वतः दिलेला वेळ सरासरी तीन पराभवांइतका असतो.

पण काकांचा कायमचा उमेदवार एकच : राहुल द्रविड. कालनिर्णयाच्या कुठल्याही वर्षाच्या पानामागे पहिलं नाव तेच. इथे कमिटीत दरवर्षी सीमाप्रश्न उभा राहतो. बँकवाले म्हणतात, 'नम्म राहुल'. सेंट जोसेफच्या शाळेत शिकला, कर्नाटकाकडून रणजी खेळला, आमचा. काका म्हणतात, जन्म इंदूरचा, घरी मराठी, आमचा. एलआयसीवाले आडनावावर बोट ठेवून म्हणतात, मग आमचाही. मल्याळी मास्तर कॉफी संपवतात.

२०२१ मध्ये एका जाहिरातीत द्रविड वाहतूककोंडीत अडकून भडकतो आणि 'इंदिरानगरचा गुंडा' असल्याचं ओरडत बॅटनं शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो. सगळा देश हसला. काका हसले नाहीत. "हे खोटं असलं तरी याचा उपयोग करून घ्या," ते म्हणाले. "आरसा फोडण्यापेक्षा एकदा आपल्या ड्रेसिंग रूममध्ये ये म्हणावं." २०२४ च्या सप्टेंबरात द्रविड राजस्थानचा प्रशिक्षक झाल्याची बातमी आली, तेव्हा काकांना ती फार लागली. "इंदिरानगरला मेट्रोत बसायचं. हलसूरू, ट्रिनिटी, एमजी रोड, कब्बन पार्क. उतरलं की समोर चिन्नास्वामी! एवढं सोडून माणूस जयपूरला जातो?" दोन दिवस त्यांनी त्या मेट्रोनं प्रवास केला नाही, असं काकू सांगतात. म्हणजे काही काम नव्हतंच, पण मुद्दाम केला नाही.

काकांचा धाकटा मुलगा अमेरिकेत पिट्सबर्गला असतो. तिथे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळतात तो खेळ, आणि मुलगा तिथल्या स्टीलर्सचा भक्त. बापाचा वारसा असा सातासमुद्रापार गेलेला आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर तब्येतीची चौकशी दोन मिनिटांत उरकते, मग दोघे आपापल्या संघांवर येतात. मुलानं एकदा सांगितलं की १९६९ पासून तोवर त्यांच्याकडे तीनच मुख्य प्रशिक्षक झाले होते.

"तीनच?" काका हादरले. "मग तिथले लोक करतात काय?"

मुलानं समजावलं. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली बचावाचा वेगळा प्रशिक्षक असतो आणि चढाईचा वेगळा. चढाईवाल्याला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. पुढची चाल कोणती, हे तो ठरवतो आणि ती रेडिओवरून मैदानातल्या क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात सांगितली जाते. संघ हरला की मोठ्या साहेबांना कुणी बोलत नाही, सगळे या कोऑर्डिनेटरवर तुटून पडतात. २०२३ मध्ये प्रेक्षक स्टेडियममध्ये त्याला काढण्याच्या घोषणा देत होते, आणि नोव्हेंबरात, हंगाम अर्ध्यावर असताना, मॅट कॅनडा नावाच्या त्या गृहस्थांना खरंच काढलं. आता नवा कोण, यावर मुलगा आणि त्याचे मित्र रोज रात्री भांडत होते.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. वशिल्याशिवाय, नुसत्या घोषणा देऊन प्रशिक्षक घालवता येतो, ही माहिती त्यांना फार उत्साहवर्धक वाटली. पण खरा जीव गुंतला तो शिरस्त्राणातल्या रेडिओत. "ही सोय आपल्याकडे आणा," ते म्हणाले. "जायचं यायचं काही नको. मी इथूनच बोलेन."

कमिटीच्या कारकिर्दीला पहिला खरा धक्का बसला १७ मार्च २०२४ ला. पुरुषांच्या संघानं २००९, २०११ आणि २०१६ अशा तीन अंतिम सामन्यांत हार खाल्ली होती. सहा धावांनी, अठ्ठावन्न धावांनी आणि आठ धावांनी. हे आकडे काका पाढ्यासारखे म्हणतात, आणि २००९ च्या हरलेल्या अंतिम सामन्यात कुंबळे सोळा धावांत चार बळी घेऊन सामनावीर ठरला, हे त्याला जोडून सांगतात. आणि इकडे महिला संघानं दुसऱ्याच हंगामात दिल्लीत जाऊन दिल्लीला आठ गडी राखून हरवलं आणि चषक आणला. कर्णधार सांगलीची स्मृती मानधना. काका आनंदानं टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "यांचा प्रशिक्षक कोण हो?"

काकांना माहीत नव्हतं. ल्यूक विल्यम्स नावाचा ऑस्ट्रेलियन होता. त्याचं नाव कालनिर्णयाच्या कुठल्याही पानामागे नव्हतं. त्याच्यावर एकही बैठक झाली नव्हती, एकही बाय-टू खर्ची पडली नव्हती.

"म्हणूनच," काकू म्हणाल्या, आणि कुकरची शिटी काढली.

त्यानंतर महिन्याभरातच, १५ एप्रिलला, हैदराबादनं चिन्नास्वामीवर २८७ धावा कुटल्या. आपण उलट २६२ काढल्या आणि तरी हरलो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, हवा विरळ, सीमारेषा जवळ, इथे गोलंदाजानं जगायचं कसं? काकांचं म्हणणं, गोलंदाजीचा प्रशिक्षक असा हवा की ज्यानं मार खाल्लेला आहे. सात महिन्यांनी त्या जागी ओंकार साळवी आले, मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे. काकांनी भिंग न लावता 'पास' केलं. मात्र फलंदाजीला दिनेश कार्तिकला नेमल्यावर त्यांनी कालनिर्णयाच्या पानामागे लिहिलं : 'कालपर्यंत खेळत होता. आज काय शिकवणार? रिजेक्ट.'

हे पान काकूंनी जपून ठेवलं आहे. कारण २०२५ च्या मे महिन्यात लखनौमध्ये २२८ धावांचं लक्ष्य असताना अमरावतीच्या जितेश शर्मानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा झोडल्या. दुसऱ्या दिवशी दर्शिनीत काका सांगत होते, "अमरावतीच्या पोराला कार्तिकनं घडवलं. लिहून ठेवा. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

३ जूनला अहमदाबादेत अंतिम सामना झाला. काका अंतिम सामना बसून बघत नाहीत. दाराच्या आड उभे राहून, हातातल्या जुन्या एचएमटीला किल्ली देत देत ऐकतात. शेवटच्या षटकात पंजाबला २९ हव्या होत्या. शशांक सिंगनं षटकार मारायला सुरुवात केली, तसं काकांनी फ्लॉवर यांच्या जागी कोण, याचा विचार सुरू केला होता, हे मी स्वतः ऐकलं. आपण सहा धावांनी जिंकलो. सोळा वर्षांपूर्वी जोहान्सबर्गला हरलो होतो तेही सहाच धावांनी. काका दाराआडून बाहेर आले आणि काही बोलले नाहीत. डोळे पुसले. मग खाली रस्त्यावर फटाके आणि 'ई साला कप नमदे'चा गलका सुरू झाला. यंदाचा चषक आमचाच, असं वर्षानुवर्षं ओरडून लोकांचं हसं झालं होतं. त्या रात्री सगळं गाव ते खरं झालं म्हणून ओरडत होतं. काका गॅलरीत उभे राहून त्यांच्यात सामील झाले.

दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, चिन्नास्वामीच्या दारांशी चेंगराचेंगरी झाली आणि अकरा जण गेले. नुसता संघ बघायला आलेली माणसं होती, बरीचशी कोवळी पोरं. कमिटीची बैठक त्या आठवड्यात भरली नाही. पुढे भरली, तेव्हाही चौघांनी कॉफी घेतली आणि क्रिकेटचा विषय कुणी काढला नाही. काकांनी एवढंच म्हटलं, "कोण प्रशिक्षक, यावर आपण सतरा वर्षं बोललो. दारं किती आणि ती कधी उघडणार, यावर एकदाही बोललो नाही." त्यांच्या तोंडून 'लिहून ठेवा' न म्हणता निघालेलं हे एक वाक्य मी मात्र लिहून ठेवलं आहे.

चषक आल्यावर एक वेगळीच अडचण झाली. जिंकलेल्या संघाचा प्रशिक्षक कुणी बदलत नाही. जागाच रिकामी नाही, तर नेमायचं कुणाला? काका सुकत चालले. मल्याळी मास्तरांनी दयाबुद्धीनं बंगळुरू एफसीचा विषय पुढे केला. तिथे वेस्टवूड, रोका, कुआद्रात, पेझ्झायुओली, ग्रेसन, झारागोझा अशी रांग लागली आहे, वाद घालायला भरपूर वाव आहे. काकांनी प्रयत्न केला. पण कंठीरवा स्टेडियमवर उभ्यानं ओरडणाऱ्या तरुणांपुढे त्यांचं चाललं नाही, आणि 'पेझ्झायुओली' म्हणताना कवळी हलते.

शेवटी पार्किंगमधल्या पोरांनीच त्यांची सोय केली. मल्लेश्वरममधल्या इमारतींची टेनिस बॉलची स्पर्धा होती, पोरांना प्रशिक्षक हवा होता. काकांना विचारलं. काका आधी 'मी फक्त सल्ला देतो' म्हणाले, मग टोपी घालून खाली उतरले. पहिल्या दिवशी त्यांनी जेनिंग्सच्या शिस्तीवर भाषण दिलं. दुसऱ्या दिवशी लीड्सची १७० धावांची भागी सांगितली. बॅट कुणालाच मिळाली नाही. पहिला सामना पोरं हरली, दुसराही हरली.

त्या संध्याकाळी जिन्यावर पोरांची गुप्त बैठक भरली. काकांची नात, वय वर्षं अकरा, अध्यक्षस्थानी. तिनं गंभीरपणे निकाल दिला, "आजोबा माणूस चांगले आहेत. पण टी-ट्वेंटीचे नाहीत."

काका वरच्या पायरीवर उभे होते. पोरं गप्प झाली. मला वाटलं, आता ओरडतात. पण काका तीन पायऱ्या खाली आले, पोरांच्या मधे बसले, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "बरं, मग नावं कोणाकोणाची आहेत?"

बैठक रात्री नऊपर्यंत चालली. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर, तळमजल्यावरची कॉलेजातली मुलगी आणि मी, अशी तीन नावं आली. काकांनी तिन्ही रिजेक्ट केली. माझ्याबद्दल त्यांचं मत असं : लिहितो बरा, पण मार खाल्लेला नाही.

फ्लॉवर आज आहेत, उद्या नसतील. त्यांचा करार आहे आणि करार संपतात. काकांना त्या जागी कुणीच नेमलेलं नाही, त्यामुळे कुणाला त्यांना काढताही येत नाही. आणि खरं सांगायचं तर, काढू नये.